सावंतवाडी ते जुने गोवे : एका पायवाटेचा इतिहास

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी यंदा तुम्ही इतिहासावर काहीतरी लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी जरा बिचकलेच. इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि सनावळ्या एवढेच शाळेपासून आपल्या डोक्यात बसलेले असते. पण मी पायांनी चाललेली एक वाट आहे, आणि तिच्यावर साडेचारशे वर्षांचा इतिहास पडलेला आहे. ती वाट म्हणजे सावंतवाडीहून बांदा, म्हापसा, पणजीवरून जुन्या गोव्याला जाणारी. अंतर साठ-पासष्ट किलोमीटरांचे. दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस सिंधुदुर्गातले कॅथलिक भाविक या वाटेने संत फ्रान्सिस झेवियरच्या 3 डिसेंबरच्या फेस्ताला पायी जातात. बेळगाव-खानापूरकडून घाट उतरून आणि दक्षिणेस कारवारकडूनही असेच जथे निघतात. 2019 साली माझ्या चार बालमैत्रिणींबरोबर मीही गेले होते.

आपल्या चिंचपाड्याच्या भगिनींना पायी यात्रा ही काही नवलाची गोष्ट नाही. महाशिवरात्रीला याहामोगी मातेच्या दर्शनासाठी देवमोगऱ्याला आपल्याकडची माणसे डोंगर तुडवीत जातात. चैत्रात खानदेशातून सप्तशृंगीला निशाणे घेऊन जाणारे जथे आपण पाहतोच. पण ख्रिस्ती लोकही अशी वारी करतात, हे येथे सांगितले की पुष्कळजणी चकित होतात. आपल्या भागातील ख्रिस्ती मंडळी बहुतेक प्रॉटेस्टंट मिशनची. संतांचे अवशेष, नवस, यात्रा त्यांच्यात नाहीत. कॅथलिकांत मात्र हे सारे आहे. मुंबईचा माउंट मेरी, श्रीरामपूरजवळच्या हरेगावची मतमाउली ही त्यांची महाराष्ट्रातली मोठी ठिकाणे होत. गोव्याचा मान सर्वांत मोठा.

ज्यांच्यासाठी ही पायपीट, ते संत फ्रान्सिस झेवियर कोण, हे थोडक्यात सांगते. त्यांचा जन्म 1506 साली स्पेनच्या उत्तरेकडील नवारा प्रांतात झाला. पोर्तुगालच्या राजाच्या सांगण्यावरून ते 6 मे 1542 रोजी गोव्यास पोचले. पुढची दहा वर्षे ते सतत फिरतीवर होते : तमिळ किनारा, मलाक्का, मोलुक्का बेटे, जपान. 3 डिसेंबर 1552 रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर ते वारले. त्यांचा देह 1554 च्या मार्चमध्ये गोव्यास आणला, तेव्हा तो न कुजता राहिला आहे, असे लोकांनी पाहिले आणि तेथून ही भक्ती वाढीस लागली. 1622 साली त्यांना संतपद मिळाले. 1637 साली गोव्याच्या कारागिरांनी घडविलेल्या चांदीच्या पेटीत हा देह आज बाँ जेझुसच्या बासिलिकेत आहे. दर दहा वर्षांनी तो खाली उतरवून सर्वांना दर्शनास ठेवतात. अलीकडचे दर्शन 2024 च्या नोव्हेंबरपासून 2025 च्या जानेवारीपर्यंत झाले. गोव्यातले लोक, हिंदूसुद्धा, त्यांना 'गोंयचो सायब' म्हणतात.

आता माझ्याविषयी. माझे माहेर सावंतवाडीचे आणि घर हिंदू. आमचे मूळ घर बार्देशात होते आणि पोर्तुगीजांच्या काळात आमच्या कुणा पूर्वजाने देवाची मूर्ती टोपलीत घालून रातोरात नदी ओलांडली, असे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. त्या पूर्वजाचे नाव कुणास ठाऊक नाही. पण टोपलीची गोष्ट प्रत्येक पोराला ठाऊक आहे. म्हणून मी या यात्रेस निघाले, तेव्हा माझ्या आत्याने सरळच विचारले, "ज्यांच्या पायी आपण घर सोडलं, त्यांच्याच पायांशी जातेस होय गं?"

आत्याचा प्रश्न खोटा नव्हता. सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश आणि साष्टी या तालुक्यांतली देवळे पाडली गेली. कुशस्थळीचा मंगेश नदीपलीकडे प्रियोळला गेला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. 1560 साली गोव्यात इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय बसले. ते झेवियर वारल्यावर आठ वर्षांनी आले खरे. पण असे न्यायालय गोव्यात हवे, असे त्यांनीच 1546 साली पोर्तुगालच्या राजाला पत्राने कळविले होते. मधली तीन-चार वर्षे सोडली, तर हे न्यायालय 1812 पर्यंत चालू होते. हे सारे पुस्तकांत आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही.

पण ज्या मैत्रिणीने मला बरोबर नेले, तिला मी आत्याचे म्हणणे सांगितले, तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "अगं, आमचं घरही तिथंच सुटलं." हे मात्र माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण, बेळगाव, कारवार येथले बहुतेक कॅथलिक हे मूळचे गोव्याचे. त्यांचे पूर्वज बाटले आणि त्यानंतरही त्यांना तेथे सुख लाभले नाही. नव्या ख्रिस्त्यांच्या घरात जुना रिवाज दिसला, तर धर्मन्यायालयाचा बडगा त्यांच्यावरच पडे. किंबहुना ते न्यायालय मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्यांसाठीच होते. त्यात करांचा बोजा, दुष्काळ, साथी आणि वरचेवरच्या लढाया. सतराव्या-अठराव्या शतकांत अशी कितीतरी कुटुंबे उत्तरेस भोसल्यांच्या मुलखात आणि दक्षिणेस कानड्यात गेली. म्हणजे माझे पूर्वज देव घेऊन आले, तिचे पूर्वज क्रूस घेऊन आले, आणि वाट एकच होती. त्याच वाटेने उलट चालत जावयाचे, एवढेच आम्ही ठरविले.

चिंचपाड्याहून मी गाडीने सुरतेस गेले आणि तेथून कोकण रेल्वेने सावंतवाडीस. आम्ही पाचजणी, तिघी साठीच्या अलीकडे-पलीकडे. घरी सहलीला जाते म्हटले असते, तर जेवणाचे काय, सुनेची परीक्षा आहे, असे चार प्रश्न आले असते. यात्रेला जाते म्हटल्यावर एकही आला नाही. बाईमाणसाला उंबरठा ओलांडावयास देवाचे निमित्त अजून पुरते, हे तेथे पुन्हा दिसले.

शनिवारी पहाटे चारला इगर्जीत प्रार्थना होऊन आमचा जथा निघाला. पुढे खुरीस, मागे माणसे, आणि सर्वांच्या मागून सामानाचा टेम्पो. चालताना तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणतात. एकाने म्हणावयाचे, बाकीच्यांनी पुरे करावयाचे. त्या लयीत पाय आपोआप पडतात. आपल्याकडे अभंगांनी किंवा जयघोषाने पडतात तसेच. दुपारच्या उन्हात थांबावयाचे, संध्याकाळी पुन्हा चालावयाचे, रात्री एखाद्या कपेलाच्या ओसरीवर किंवा शाळेच्या वर्गात पथारी टाकावयाची. इन्सुलीला एका हिंदू घरासमोर सरबताची कळशी मांडलेली होती. घरची वृद्धा म्हणाली, तिची सासूही या लोकांसाठी पाणी ठेवीत असे.

बांदा सोडून थोडे पुढे गेले की पत्रादेवी लागते. येथे आज महाराष्ट्राची हद्द संपून गोव्याची सुरू होते. रस्त्यालगत हुतात्म्यांचे स्मारक आहे. 15 ऑगस्ट 1955 रोजी देशभरातून आलेले सत्याग्रही निःशस्त्र गोव्यात शिरले, आणि पोर्तुगीज शिपायांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्या दिवशी गोव्याच्या सीमेवर वीसाहून अधिक माणसे मारली गेली. पत्रादेवीस मध्य प्रदेशातल्या सागरच्या सहोदराबाई राय हाती तिरंगा घेऊन पुढे झाल्या व गोळी लागून जखमी झाल्या. पंजाबचे कर्नेलसिंग पुढे सरसावले आणि तेथेच धारातीर्थी पडले. सहोदराबाई जगल्या, आणि 1957 साली लोकसभेत निवडून गेल्या. ज्या रस्त्यावर आम्ही पाय दुखतात म्हणून बसलो होतो, तेथे हे झालेले होते.

त्यानंतर भारत सरकारने गोव्याशी दळणवळण तोडले. रेल्वे थांबली आणि परवान्यावाचून सीमा ओलांडता येईना. मैत्रिणीच्या आजीने 1952 साली, संतांच्या चारशेव्या पुण्यतिथीच्या दर्शनास, हीच वाट चालली होती. पुढची काही वर्षे तिने सावंतवाडीतच मेणबत्ती लावून समाधान मानले. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला आणि मुक्त गोव्यातले पहिले दर्शन 1964 च्या अखेरीस झाले. आजी पुन्हा चालत गेली. तिची एकच आठवण घरात सांगतात : "नाक्यावर कुणी कागद मागितला नाही."

पत्रादेवीपासून पेडणे तालुका सुरू होतो. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. पेडणे पोर्तुगिजांकडे गेले ते थेट 1788 साली. तोवर ते सावंतवाडीच्या भोसल्यांचे होते. बार्देश मात्र 1543 पासून पोर्तुगिजांचे. दोहोंच्या मधली शापोरा नदी हीच तेव्हाची खरी सीमा. आमच्या घरच्या गोष्टीतली नदी ती हीच असली पाहिजे. कोलवाळच्या पुलावर पोचलो तेव्हा रविवारची सकाळ होती. शेजारून मालमोटारी धडधडत होत्या, रस्तारुंदीची धूळ उडत होती. खाली पाणी संथ होते. मैत्रीण आणि मी कठड्याशी थांबलो. ज्या पाण्यातून दोन्ही घरची माणसे जीव मुठीत धरून पलीकडे गेली, ते पाणी आम्ही पाच मिनिटांत पुलावरून ओलांडून उलट आलो. तिने क्रूस केला, मी हात जोडले.

दुपारी म्हापसा. म्हापशाचे नाव घेताना सुधाताई जोशी यांचे स्मरण व्हावयास हवे. 1955 च्या एप्रिलमध्ये गोवा नॅशनल काँग्रेसचे अधिवेशन पोर्तुगीज पोलिसांच्या डोळ्यांदेखत म्हापशात भरविण्याचे ठरले, तेव्हा या मराठी बाईंनी अध्यक्षपद स्वीकारले आणि त्याबद्दल तुरुंगवास पत्करला. त्याच गावातल्या सेंट जेरोमच्या इगर्जीत मिलाग्रीस सायबिणीची मूर्ती आहे. ती आणि शिरगावची लईराई देवी या सख्ख्या बहिणी, अशी इकडची श्रद्धा आहे. मिलाग्रीसच्या फेस्ताला हिंदू बायका तेल वाहतात. देवळे पाडली गेली त्याच बार्देशात बायकांनी देवींचे बहिणपण मोडू दिले नाही, हे मला फार मोठे वाटते. फर्मानांनी मने तुटतात, पण बायकांच्या ओटीतले नाते सहसा तुटत नाही.

म्हापशाला फोड आलेल्या पायांना खोबरेल लावून मुक्काम केला. सोमवारी पर्वरी उतरून मांडवीचा पूल आणि पणजी. पणजीहून रायबंदरला जाणारा मळ्यातला बांधरस्ता सुमारे तीन किलोमीटरांचा आहे. व्हॉइसरॉय लिन्यारेस याने तो 1633-34 साली बांधविला. एका बाजूस मिठागरांची जागा, दुसऱ्या बाजूस मांडवी. पुढे नदीतली बेटे दिसू लागतात. त्यांतल्या जुवे बेटाशी आपला इतिहास निगडित आहे.

1683 साली संभाजीमहाराजांनी पोर्तुगिजांवर स्वारी केली. 24 नोव्हेंबरच्या रात्री मराठ्यांनी हे जुवे बेट घेतले. जुने गोवे तेथून हाकेच्या अंतरावर. दुसऱ्या दिवशी ते परत घ्यावयास गेलेला व्हॉइसरॉय कोंदि द आल्व्होर जखमी होऊन कसाबसा माघारी आला. शहर हातचे जाते असे पाहून तो बाँ जेझुसमध्ये गेला, संतांची पेटी उघडविली, आणि आपला अधिकारदंड संतांच्या हाती ठेवून "आता तूच राख" असे विनविले. पुढे मोगलांचे सैन्य शाहआलमच्या हाताखाली रामघाटाने कोकणात उतरले, तेव्हा मराठ्यांना माघार घ्यावी लागली. गोवे वाचले ते मोगलांमुळे, हे इतिहासकार सांगतात. संतांमुळे, असे तेथले लोक मानीत आले. गंमत अशी, की त्याच 24 नोव्हेंबरला दरवर्षी संतांच्या फेस्ताची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होते.

संध्याकाळी आम्ही जुन्या गोव्यात पोचलो. एके काळी हे शहर पूर्वेचे रोम म्हणून गाजलेले. साथींनी ते ओस पडले आणि 1843 साली राजधानी अधिकृतपणे पणजीस गेली. उरल्या त्या इगर्जी. 1986 पासून त्यांची गणना जागतिक वारशात होते. फेस्ताच्या दिवसांत मात्र तेथे शहर पुन्हा उभे राहते. पटांगणात मोठा मांडव, तासातासाला मीस, खाजे-चण्यांची दुकाने, मेणाचे हात-पाय विकणाऱ्या बायका. ज्याचा जो अवयव दुखतो तो मेणाचा करून वाहावयाचा. आमच्यातल्या एकीने मेणाचे गुडघे घेतले, आणि त्या दिवशी त्यावर कुणी हसले नाही.

दर्शनानंतर टेकडीवर गेलो, ते मुद्दाम सांगते. तेथे सांता मोनिकाचा मठ आहे. 1606 साली बांधावयास घेतलेला हा मठ आशियातल्या सर्वांत जुन्या व मोठ्या जोगिणींच्या मठांपैकी एक होय. समोर ऑगस्टीन मठाचा पडका मनोरा. जॉर्जिया देशाची राणी केतेवान हिने धर्म सोडण्यास नकार दिला म्हणून इराणच्या शहाने 1624 साली शिराझ येथे तिचे हाल करून तिला मारले. तिच्या अस्थींचा भाग ऑगस्टीन पाद्र्यांनी येथे आणून पुरला होता. या शतकात उत्खननात तो सापडला आणि 2021 साली भारताने तो जॉर्जियास दिला. येथल्या हिंदूंवर धर्मासाठी जबरदस्ती झाली, आणि त्याच शहराने जबरदस्तीला न नमलेल्या एका परक्या राणीच्या अस्थी आदराने सांभाळल्या. एकाच टेकडीवर दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

टेकडीवरून मांडवीपलीकडचे दिवाडी बेट दिसते. तेथला सप्तकोटेश्वर देव पोर्तुगिजांच्या जाचामुळे नार्व्यास न्यावा लागला आणि 1668 साली शिवाजीमहाराजांनी त्याचे देऊळ बांधविले. मी मैत्रिणीला ते बेट दाखविले. ती म्हणाली, "पुढल्या खेपेला तू मला तिकडे ने." आत्याच्या प्रश्नाला मला सापडलेले उत्तर एवढेच. झालेला अन्याय चालण्याने पुसला जात नाही, आणि तो पुसावयाचाही नसतो. मुलांना तो सांगावयाचा असतो. पण तो सोसला होता दोन्ही घरांनी, आणि तो करणारे राज्य गेले. उरल्या त्या या दोन घरच्या लेकी. त्यांनी एकमेकींस परके मानावयाचे ठरविले, तर ते धर्मन्यायालय अजून चालूच आहे, असे म्हणावे लागेल. गावी परतल्यावर आत्याला मी हेच सांगितले. ती काही बोलली नाही. पण मैत्रिणीने दिलेले खाजे तिने देवापुढे ठेवून मग खाल्ले.

भगिनींनो, आपल्या चिंचपाड्यात मावची आहेत, भिल्ल आहेत, ख्रिस्ती आहेत, रेल्वेच्या आणि दवाखान्याच्या नोकरीनिमित्त दुरून आलेली माझ्यासारखी बिऱ्हाडेही आहेत. प्रत्येकीच्या घरी कुठल्या तरी वाटेची गोष्ट असणार : कोण कुठून आले, का निघाले, कुठली नदी ओलांडली, देवमोगऱ्याला पहिल्यांदा कुणाबरोबर गेले. या गोष्टी म्हाताऱ्यांबरोबर चालल्या आहेत. तेव्हा मंडळाने या वर्षी एक वही घालावी, दर महिन्याच्या सभेत एकीने आपल्या घरची वाट सांगावी आणि आपल्यातल्या शिकलेल्या मुलींनी ती लिहून घ्यावी, अशी माझी सूचना आहे. पुढल्या स्मरणिकेला मजकूर कमी पडणार नाही, याची मी हमी देते.